घास चुरणारी बोटं

महाराजांच्या ओंजळीत केस निघाला तो पांढरा होता आणि चांगला हातभर लांब होता. आहार, म्हणजे साधूंचं जेवण, नुकताच सुरू झाला होता. महाराज उभे होते, दोन्ही हातांची ओंजळ छातीपाशी धरलेली, आणि राजमती भाकरीचा एकेक घास बोटांत चुरून, चाचपून, आमटीत भिजवून त्या ओंजळीत ठेवत होती. महाराजांचा अंगठा नेहमीसारखा घासावरून फिरला आणि मध्येच थांबला. त्यांनी खाली बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. त्यांनी ओंजळ उघडली आणि सगळं अन्न खालच्या परातीत पडलं. मग ते पाटावर बसले. कुणीतरी हळूच म्हणालं, "अंतराय." दिगंबर साधू दिवसातून एकदाच जेवतात आणि जेवताना ओंजळीत केस, किडा असं काही आलं की तिथंच जेवण संपतं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. सकाळीच डांबर तापायला लागलं होतं. चौक्यात, म्हणजे महाराजांसाठी धुतल्या वस्त्रानं, विहिरीच्या पाण्यानं स्वयंपाक करायच्या त्या खोलीत, सगळ्या बायका फरशीकडं बघत उभ्या राहिल्या. कुणी विचारलं नाही की केस कुणाचा. पांढऱ्या केसांच्या बायका दोनच होत्या आणि त्यातली जिनमतीआक्का चुलीपाशी होती, ओंजळीच्या आसपासही नव्हती.

राजमती रिक्षानं रुईकर कॉलनीतल्या घरी निघाली तेव्हा तिनं आपली बोटं पदराच्या काठावरून फिरवून बघितली. काठ जरीचा होता. तो टोचतो हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि टोचणं वेगळं. बोटांच्या शेंड्यांना कुणी लोकरीच्या टोप्या घातल्यात असं तिला गेल्या वर्षापासून वाटत होतं. आधी मुंग्या येत. मग मुंग्याही गेल्या आणि नुसता जाडपणा राहिला. ब्लाउजचं हूक लावताना तिला आरशात बघावं लागे. एकदा भाऊसिंगजी रोडवर पायातली चप्पल निघून पडली आणि ती तशीच चालत राहिली, तेव्हा मागून एक फुलवाली ओरडली होती, "ओ मावशी, चप्पल ऱ्हायली की! देवाला चालत निघालाय काय?" राजमती हसली होती. घरी येऊन तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. वय झालं की असं होत असेल असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती ती सांगितली नाही. सुनेला कळलं असतं तर ती डॉक्टरकडं घेऊन गेली असती, डॉक्टरनं काहीतरी घ्यायला सांगितलं असतं, आणि बाजारची गोळी पोटात गेलेल्या बाईनं चौक्यात उभं राहून मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध म्हणायचं कसं? ते म्हटल्याशिवाय महाराज ओंजळ पुढं करत नाहीत. राजमतीच्या लेखी दिवसातलं मोठं काम तेवढंच उरलं होतं. नवरा गेला, मुलाचा शिरोली एमआयडीसीतला कारखाना तिच्याशिवाय चालत होता, स्वयंपाकाला बाई होती. घास चुरायला मात्र तिलाच बोलावत. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, कुठलेही महाराज आले, कुणाच्याही घरचा चौका असला, तरी आदल्या दिवशी निरोप येई. राजमतीची बोटं आहेत ना, मग काळजी नाही.

ही बोटं कुरुंदवाडची होती. लहानपणी दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असे, म्हणून तिची आई उन्हं उतरताना, माडीवर अर्धवट अंधार झालेला असतानाच दुसऱ्या दिवशीचं धान्य निवडायला बसे. दिवा लावला की त्यावर किडे येतात, ते मरतात, म्हणून दिवा नाही. राजमती समोर बसे. सुपातली तूर बोटांखालून सरकवत जायचं, खडा लागला की उचलायचा, किडकी डाळ हलकी लागते ती बाजूला. आई गप्पा मारत असे, कुणाच्या लग्नात काय झालं ते सांगे, आणि बोटं आपोआप चालत. बोलता बोलता मध्येच आई म्हणे, "हं, तुझ्या करंगळीखाली हाय बघ," आणि खरंच असे. आईला आपल्या बोटांखालचं कसं कळतं हे राजमतीला कधी उमगलं नाही. मोठेपणी तिला वाटायचं की आपल्याला दिसतं त्यापेक्षा आपल्याला लागतं ते जास्त खरं. माणसाच्या बाबतीतही. नवऱ्याच्या हाताला हात लागला की गुळाच्या बाजारात त्यांचा दिवस कसा गेला ते तिला समजायचं. आता रिक्षाच्या गजावर तिनं हात ठेवला होता आणि गज गरम आहे की थंड हेसुद्धा तिला विचार करून ठरवावं लागत होतं.

घरी आल्यावर तिनं अपूर्वाला सगळं सांगितलं. अपूर्वा तिची सून, बँकेत नोकरीला. ती रागावली नाही, तिनं फक्त विचारलं, "किती दिवस, आई?" आणि राजमतीनं एक बोट वर करून वर्ष असं दाखवलं, तेव्हा मात्र ती म्हणाली, "वर्ष? आणि मी रोज समोर बसून जेवतोय तुमच्या!" त्याच आठवड्यात रक्त तपासून झालं. कागदावर एका रांगेपुढं ठळक अक्षरात आकडा होता आणि त्याच्यापुढं खाली जाणारा बाण. बी-ट्वेल्व्ह. बातमी घरातून बाहेर जायला वेळ लागला नाही. पेठ वडगावहून चुलत पुतण्याची बायको रूपाली आली ती हातात मोठा डबा घेऊनच. डब्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं.

"काकू, ह्यात सगळं हाय," रूपाली म्हणाली. "बी-ट्वेल्व्ह, डी, झिंक, अश्वगंधा, हळद. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. माझ्या सासूबाई जिना चढत नव्हत्या, आता उतरत न्हाईत."

"उतरत न्हाईत म्हणजे?" राजमतीनं विचारलं.

"म्हणजे गच्चीवरच असतात वो. योगा करतात."

"त्या डब्यात मीठ-साखर काय काय हाय ते वाचून दाखव बघू."

रूपालीनं डबा फिरवला. अक्षरं बारीक होती. तिनं थोडा वेळ वाचलं आणि म्हणाली, "नॅचरल हाय सगळं." मग जाताना हळूच अपूर्वाला सांगून गेली की अजून दोघीजणी जोडल्या की तिचा पुढचा टप्पा होतो. अपूर्वानं डबा फ्रिजवर ठेवला. मुलगा अरिहंत संध्याकाळी कारखान्यातून आला, डब्याकडं बघून म्हणाला, "एवढं सगळं घातलं तर आमच्या भट्टीतनं पण चांगला माल निघेल," आणि आंघोळीला गेला. राजमतीला वाटलं हा थट्टा करून सुटतो. त्याच्या बापाचीही हीच सवय होती.

डॉक्टर शशिधर हे तवनाप्पांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, जुने मित्र. शाहूपुरीत दवाखाना. स्वतः लिंगायत, त्यामुळं अंडं-मटण खा असं ते कुणाला सांगत नसत आणि न खाणाऱ्यांच्या अंगात काय कमी पडतं हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं. त्यांनी राजमतीला डोळे मिटायला सांगितले. दोन दांड्यांचा लोखंडी काटा तळहातावर आपटून ते तिच्या पायाच्या अंगठ्याला लावत होते. तो वाजायला लागला की हाडात थरथर कळायला पाहिजे. "कळतंय का वहिनी?" "व्हय." "आता?" "व्हय." "आता?" "व्हय की." मग काटा टेबलावर ठेवून डॉक्टर म्हणाले, "डोळं उघडा. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी वाजवलाच न्हवता." राजमतीनं डोळे उघडले. तिला लाज वाटली नाही, तर एक विचित्र भीती वाटली. तिनं मुद्दाम खोटं सांगितलं नव्हतं. तिला खरंच वाटलं होतं की कळतंय. म्हणजे बोटांत जे येत नव्हतं ते तिचं मन स्वतःहून भरून काढत होतं. म्हणजे गेलं वर्षभर ती घास चाचपून महाराजांच्या ओंजळीत ठेवत होती, तेव्हा घास स्वच्छ आहे हे तिला लागत नव्हतं, नुसतं वाटत होतं. किती घास असतील? आणि तो एक केस सोडला तर बाकीचं सगळं नुसतं नशिबानं निभावलं होतं.

"तो डबा परत द्या," डॉक्टर म्हणाले. "त्यातलं निम्मं तुम्हाला नको हाय आणि जे पाहिजे ते त्यात पुरेसं न्हाई. लोक उगाच सतरा गोळ्या खातात. कुणाला गरज असते, कुणाला नसते. तुम्हाला एकच गोष्ट पाहिजे, पण ती मात्र पाहिजेच. आधी इंजेक्शनं, मग गोळी, आणि गोळी कायमची."

"दुधानं भागणार न्हाई?" अपूर्वानं विचारलं.

"आधी घेत असत्या तर इथवर आलं नसतं कदाचित. आता नुसत्या दुधानं न्हाई भरून निघत. का, वहिनी दूध घेत न्हाईत?"

"सोडलंय," राजमती म्हणाली. "दूध, दही. हे गेल्यापासनं."

डॉक्टरांनी मान हलवली. जैन घरात व्रत म्हणून एखादा रस, म्हणजे दूध-तुपासारखा पदार्थ, सोडणं त्यांना नवीन नव्हतं. "गोळी कॅप्सूलची न्हाई, साधी हाय," ते म्हणाले. "हाडाचं, चरबीचं काही न्हाई त्यात. ते पिंपात जिवाणू वाढवून बनवतात. दही लागतं तसंच म्हणा. पण तुम्ही दहीपण सोडलंय." ते थोडे हसले आणि मग हसणं थांबवून म्हणाले, "वहिनी, नस म्हणजे वायर न्हाई नवीन टाकायला. आत्ता सुरू केलं तर बरंच परत येईल. सगळं येईल असं मी सांगत न्हाई. आणखी एक वर्ष काढलात तर आहे तेपण जाईल, मग चालताना भिंत धरावी लागेल."

गोळ्यांची पट्टी आणि इंजेक्शनची खोकी अपूर्वानं देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली. दुपारी घर रिकामं असे तेव्हा राजमती ती काढून समोर ठेवून बसे. गोळी गुलाबी होती, मसुराएवढी. घ्यायची की नाही एवढाच प्रश्न होता आणि तो तिला दोन्ही बाजूंनी बंद वाटत होता. घेतली नाही तर बोटं जातील आणि चौका जाईल. घेतली तर बोटं येतील आणि चौका तरीही जाईल, कारण कायमची गोळी म्हणजे रोज सकाळी अंगात बाजार. इंजेक्शन तोंडातून जात नाही, असं अपूर्वा म्हणाली. पण तोंडातून गेलं नाही म्हणजे अंगात गेलं नाही असं थोडंच आहे. विचार करता करता तिला दूध आठवायचं. तवनाप्पा शेवटच्या दिवसांत अन्ननलिकेच्या आजारानं गिळू शकत नव्हते. आधी पातळ भात, मग नुसतं दूध, चमच्यानं. तेही निम्मं ओठाच्या कडेनं बाहेर यायचं. ती रुमालानं टिपायची. रुमाल कितीही धुतला तरी वास जायचा नाही, आंबूस, गोडसर. घरभर तो वास. उशीला, तिच्या पदराला, तिच्या हाताला. ते गेल्यावर तेराव्या दिवशी कुणीतरी कपात चहा दिला आणि त्यातल्या दुधाच्या वासानं तिनं कप तसाच खाली ठेवला. ती म्हणाली, "मी दूध सोडलं." बायकांनी तिच्या पायाला हात लावला. जिनमतीआक्कानं सगळ्यांना सांगितलं की राजमतीनं नवऱ्याच्या मागं रसत्याग केला. त्यानंतरच लोक तिला चौक्यात पुढं बोलवायला लागले. तिनं कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. लोकांनी जे धरलं ते तिनं मोडलं नव्हतं, एवढंच. आणि मग हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. अंगठ्याला काटा लावला तेव्हा कळतंय असं वाटलं होतं, तसंच.

जिनमतीआक्का एकदा दुपारी आली. ती लठ्ठ, मोठ्यानं बोलणारी, सगळ्या चौक्यांची व्यवस्था तिच्याकडं. पट्टी समोरच पडली होती. तिनं ती उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "हीच कंपनी? माझी दुसरी हाय."

"तू घेतोस?"

"दोन वर्सं झाली. आणि ती सुतगट्टीची सून घेते, मास्तरांची बायको घेते. तुला काय वाटलं, आम्ही सगळ्या नुसत्या भाकरीवर उभ्या हाय?"

"आणि काया शुद्ध म्हणतोस?"

"म्हणतोय की. औषधाला कोण नको म्हणतंय? महाराजांनापण काढा देतोच की आपण. गप घे आणि गप ये. सांगत बसू नको जगाला."

ती गेल्यावर राजमतीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ती चिडली. इतक्या जणी घेतात म्हणजे घेणं चुकीचं नसेल, हे तिला पटलं. गोळीचा प्रश्न खरं तर तिथंच मिटला होता. पण गप घे आणि गप ये, यात दुसरंच काहीतरी होतं. बोटं परत यायला महिने जाणार होते. तोवर गप यायचं म्हणजे त्याच बधिर बोटांनी पुन्हा घास चुरायचे. पुन्हा तिला वाटणार, लागणार नाही.

त्याच दिवशी चौथ्या प्रहरी ती बस्तीत महाराजांकडं गेली. महाराज फळकुटावर बसून वाचत होते. वयानं तिच्या मुलाएवढे, मूळचे सीमेपलीकडचे, मराठी बोलताना कन्नडचा हेल. ती लांब बसली आणि नमोस्तु म्हणून म्हणाली, "त्या दिवशीचा केस माझा होता."

"केस कुणाचा ते मी विचारलं नाही," महाराज म्हणाले. "एक दिवस उपवास झाला. उपवास आम्हाला नवा नाही."

तिनं बोटांचं सांगितलं. गोळीचं सांगितलं. महाराजांनी लगेच सांगितलं की औषध घ्यायला कुणी अडवलेलं नाही, शरीर आहे तोवर त्याला चालतं ठेवावं लागतं. मग त्यांनी दुधाचं विचारलं. नियम कुणाकडं घेतला?

"कुणाकडं न्हाई. माझा मीच."

"कशासाठी?"

त्याग म्हणून, असं म्हणायचं राजमतीच्या तोंडावर आलं होतं. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, महाराजांजवळ असते तसल्या मोरपिसाच्या झाडूनं नव्हे, साध्या खराट्यानं, आणि तो आवाज तिच्या कानात स्पष्ट येत होता. "वास येतो," ती म्हणाली. "मला वास सहन होत न्हाई."

तिला वाटलं होतं महाराज प्रायश्चित्त देतील, काहीतरी करायला सांगतील आणि मग ठरवायचं ओझं आपल्यावर राहणार नाही. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. थोड्या वेळानं ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं इंजेक्शन घेतलं. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "आजी, हात सैल सोडा, जरा झोंबतंय हे." झोंबलं. येताना अपूर्वानं बाहेर रसवंतीवर थांबून विचारलं, "आई, आता गोळी चालू झाल्यावर चौक्यात काय सांगायचं?" राजमती म्हणाली, "मी सांगतो." तिनं रूपालीला फोन करून डबा घेऊन जायला सांगितलं आणि रूपाली फोनवर रुसली.

पुढचा चौका जिनमतीआक्काच्याच घरी होता. राजमती धुतलेलं पातळ नेसून, नेहमीच्या वेळेला गेली. आत बायकांनी तिच्यासाठी ओंजळीजवळची जागा मोकळी ठेवली होती. केस सापडला होता तरी ठेवली होती, हे तिला दिसलं. ती दारातच थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घास चुरायला मी नको. माझ्या बोटांना काय लागत न्हाई. त्या दिवशीचा केस माझाच. औषध चालू केलंय, पण कधी लागायला लागेल ते डॉक्टरलाबी म्हाईत न्हाई."

"अगं, काय बडबडतोस!" जिनमतीआक्का हातातलं उलथनं तसंच धरून म्हणाली. "आज कोण उभी राहणार मग?"

"कुणीबी. जिची बोटं चांगली हाईत ती."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी मास्तरांची बायको पुढं झाली, हात धुतले, आणि घाबरत घाबरत त्या जागेवर जाऊन उभी राहिली. महाराज आले. शुद्धीची वाक्यं म्हटली गेली. राजमतीनं ती म्हटली नाहीत, कारण ती देणाऱ्यांत नव्हती. ती भिंतीला टेकून बसली होती. इतक्या वर्षांत तिनं महाराज जेवताना कधी नीट बघितले नव्हते, तिची नजर नेहमी आपल्याच बोटांवर असायची. आता तिला त्यांची मान दिसली, उन्हानं काळवंडलेली, गिळताना हलणारा कंठ दिसला. माणूस भुकेलेला होता. मास्तरांची बायको घास फार मोठे करत होती, फार हळू चुरत होती, आणि एकदा तिनं घास परातीत टाकून दिला, काही लागलं म्हणून. राजमतीचे हात मांडीवर आपोआप चालत होते, अंगठा तर्जनीवर, तर्जनी मधल्या बोटावर, नसलेली भाकरी चुरत. तिच्या ते ध्यानात आलं. दूध सोडलं तेव्हा कुणी तिच्या पाया पडलं होतं. आज कुणी बघतसुद्धा नव्हतं. तिनं हात थांबवले, एकावर एक दाबून धरले, आणि त्या दुसऱ्या बाईच्या बोटांतून घास ओंजळीत जात राहिले ते शेवटचा घास होईपर्यंत बघत बसली.